ज्याच्यावर बोलायचं त्याला समोर बसवा

भिगवणला गेलात तर मासा खा, असं सगळे सांगतात. मीही सांगते, जरूर खा. धरणाच्या पाण्यातली चिलापी, तिखट-मीठ लावून कढईत कुरकुरीत तळलेली, आणि बरोबर ज्वारीची भाकरी. पण मी काही मासा खायला गेले नव्हते. मी गेले त्या कामाचं नाव एका छापील कागदावर होतं, ‘रुग्ण व नातेवाईक यांचे अभिप्राय’, आणि त्या कागदाचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. घरी येऊन महिना झाला. सून म्हणाली, आई, ऐकून ऐकून आमचे कान किटले, आता लिहून काढा. म्हणून लिहिते. शाळेत मी कधी गेले नाही. अक्षरं शिकले ती दवाखान्यात, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. कुठे शब्द वाकडा पडला तर सांभाळून घ्या.

मी कोकणातली. एका सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं आया होते. माझ्या बहिणीची मुलगी सुनंदा लग्न होऊन इंदापूरला गेली. तिकडे बायांच्या एका लहानशा संस्थेत काम करते. यंदा, सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, तिचा फोन आला.

“मावशी, पारधी वस्त्यांवर जायचंय. सरकारी दवाखान्यात त्यांना कसं वागवतात, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचंय. माझ्याशी बाया बोलत नाहीत गं. तू ये.”

पारधी म्हणजे आदिवासी. इंग्रजांनी ही अख्खी जमात जन्मानेच गुन्हेगार ठरवली होती. इंग्रज गेले, तो कायदा गेला, पण गावांच्या डोक्यातून काही ते गेलं नाही. हे मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं आणि माहीत असणं यात किती अंतर आहे, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

भिगवण

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. इथे घाम यायच्या आधीच वाळतो. स्टँडवर उतरले तर ओठ फुटलेले आणि डोळ्यांत धूळ. सुनंदा न्यायला आली होती. ती मला आधी पाण्याच्या कडेला घेऊन गेली. दूरवर उथळ पाण्यात गुलाबी-पांढरे पक्षी उभे, शेकड्यांनी, एका पायावर. मी म्हटलं, “हे बरं आहे, ह्यांना कुणी विचारत नाही कुठून आलात म्हणून.” सुनंदा हसली. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की मी किती खरं बोलले.

मासा खाल्ला तो रस्त्याकडेच्या एका खानावळीत. नारळ नाही, कोकम नाही, नुसतं तिखट आणि लसूण. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला आणखी एक तुकडा मागितला. मालक गप्पिष्ट होता. “मावशी, कुटल्या गावाला निघालाय?” म्हणून विचारलं. सुनंदाने सांगितलं, पारधी वस्तीवर.

त्याचा हात भाकरीच्या टोपल्यातच थांबला. “गळ्यातलं काय आसंल ते काढून हितं ठिवून जावा. परत येताना घेऊन जावा.”

“गळ्यात माझ्या चष्म्याची दोरी आहे,” मी म्हटलं. “ती ठेवू?”

“चेष्टा न्हाय मावशी. जात हाय ती तसली.”

ताटात अर्धा मासा होता. पुढे जाईना. आमच्या माणसांनाही माझ्या लहानपणी लोकांच्या बाहेरच्या पायरीवर ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. वडिलांनी छप्पन्न साली धर्म बदलला तो त्या पाण्यासाठीच, असं आई म्हणायची. ‘तसली जात’ हे शब्द मला नवे नाहीत. फक्त ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकताना आपण मासा खात असतो, हे नवं होतं.

पळसदेव

पळसदेवला गेलात तर उन्हाळ्यात जा. धरणात गाव बुडालं, देऊळही बुडालं, पण पाणी उतरलं की देऊळ वर येतं. काळ्या दगडाचं शिखर, कडेला वाळलेला गाळ, त्याला भेगा पडलेल्या. मला वाटलं, चालत जाऊन जवळून बघू. सुनंदा ओरडतेय, “मावशी, नको!” आणि मी चार पावलं टाकली नाहीत तोच उजवा पाय पोटरीपर्यंत आत. पाय निघाला, चप्पल आतच.

मागून कुणीतरी हसलं. डोक्यावर वेड्या बाभळीच्या फाट्यांचा भारा, अंगात काळी चोळी, वय माझ्याएवढंच असेल, माझ्यापेक्षा दुप्पट सरळ उभी. तिने भारा खाली टाकला, एक फाटा घेऊन गाळात घातला आणि माझी चप्पल बाहेर ओढून काढली.

“वरनं वाळलंय, आतनं न्हाय,” ती म्हणाली. “पाय बघून टाकावा बाय.”

ही झिंगूबाई. आम्ही तिच्याच वस्तीवर निघालो होतो. पुढचा अर्धा कोस मी तिच्यामागून, एका हातात चप्पल घेऊन चालले.

बाभळींच्या रानात सात-आठ पालं. गोधड्या, तुराट्या, साखरेच्या पोत्यांची कनातं. कोंबड्या, एक शेळी, चुलीवर कोरड्यास शिजत होतं. बाया जमल्या. मला बसायला पोतं दिलं, काळा चहा दिला, गुळाचा. इतका गोड की दात शिवशिवले. झिंगूबाईने ओळखी करून दिल्या. तिच्या मुलाचं नाव मामलेदार. मी हसले तर म्हणाली, “हसतीस का? थोरल्याचं नाव फौजदार व्हतं. आमाला जे भेटत न्हाय त्येचं नाव पोराला द्यायचं, मंजी घरात तरी ऱ्हातंय.” सगळ्या हसल्या. तिला अहो-जाहो ठाऊक नाही. ती देवालाही ‘तू’ म्हणते.

पालाच्या सावलीत तिची सून बसली होती, मामलेदारची बायको रेशमी. पोट पुढे आलेलं, नववा भरत आलेला. ती हसली नाही. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

वातावरण चांगलं जमलं होतं. मग मी घाण केली.

सुनंदाच्या पिशवीत तो छापील कागद होता. अठरा रकाने. रुग्णाचे नाव, वय, जात, मुक्काम, आणि तळाला ‘सही अथवा अंगठा’. दवाखान्यात मी हजारो बायांचे अंगठे घेतले आहेत, माझ्या हाताला ती सवय. म्हणून मीच पिशवीतून शाईचा पॅड काढला आणि मोठ्या तोऱ्यात झाकण उघडलं.

बाया उठल्या. एकीने मूल काखेला मारलं, दुसरीने कोंबडी. बघता बघता सगळं रिकामं. माझ्यासमोर निळी शाई उन्हात वाळत होती आणि एक कुत्रं माझ्याकडे बघत होतं.

झिंगूबाई राहिली, कारण पाल तिचं होतं. “बाय,” ती म्हणाली, “अंगठा घ्यायला फौजदार येतो. तू कोन?”

मग तिने सांगितलं. तिच्या सासऱ्याला रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची, अंगठा उठवून. तो कायदा गेल्यावरही कुठे चोरी झाली की जीप इथेच येते. आधी कोऱ्या कागदावर अंगठा, मजकूर मागाहून. तिच्या थोरल्याने, त्या फौजदार नावाच्या पोराने, असाच एक अंगठा दिला आणि तो चार वर्षं आत होता. परत आला तो खोकत. फार दिवस राहिला नाही.

मी पॅड बंद केला. स्वतःचा राग आला होता मला. ज्याने कुणी पुण्या-मुंबईत बसून तो कागद छापला त्याचाही आला. ज्यांचे अभिप्राय पाहिजेत, त्यांना कागदाच्या तळाशी कशाची भीती वाटेल, एवढं एक विचारायला कुणाला सुचलं नाही? आणि मला? मी तर अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्याच दारात उभी होते!

सुनंदा हळूच म्हणाली, “नाव नको, अंगठा नको. नुसतं सांगा. आम्ही चिठ्ठी लिहून दवाखान्यातल्या पेटीत टाकू.”

“पेटीत टाकायचं, मंजी पाठीमागं बोलायचं,” झिंगूबाई म्हणाली. “ती चाडी झाली. आमच्यात चाडी करनाऱ्याला कोन जवळ करत न्हाय. ज्येच्यावर बोलायचं त्यो म्होरं बसला पायजे. त्येनं मधी तोंड घालायचं न्हाय. आपलं झालं की त्येनं काय ऐकलं ते त्येनं सांगायचं. मग त्ये बोलनं.”

“आणि समोर बसला तर सांगाल?”

“बसंल का त्यो?”

तरीही तिने मला सांगितलं. कागदासाठी नाही. माझी चप्पल तिने काढली होती, म्हणून असेल. दोन वर्षांपूर्वी रेशमीच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरने दारातच थांबवलं. आधी आंघोळ घालून आणा, वास येतोय. नळाला पाणी नव्हतं. आत नको, वॉर्डात लोकांच्या चीजवस्तू असतात, ही चोरटी जात. रेशमी व्हरांड्यात, मग पायऱ्यांवर. पायरीवरच मूल झालं, मुलगा. कुणी त्याचं तोंड पुसलं नाही. एकदा रडला आणि थांबला. आणि त्यानंतर, झिंगूबाई म्हणाली, आमच्याकडनं पायरी धुवून घेतली. रेशमीच्या लुगड्यानं.

हे ऐकताना रेशमी तिथेच होती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

मी तिच्याजवळ सरकले. म्हटलं, पोरी, पोटाला हात लावू? ती नाही म्हणाली नाही. मी डॉक्टर नाही, सुईणही नाही, पण हे हात वॉर्डात म्हातारे झाले आहेत. डोकं खाली नव्हतं. डोकं डाव्या कुशीला लागत होतं आणि बूड उजव्या. मूल आडवं. आडव्या मुलाचं घरी काय होतं ते मी एकदाच पाहिलंय, आधी हात बाहेर आला होता. पुन्हा पाहायची माझी ताकद नाही.

“हिला दवाखान्यात न्यायलाच पाहिजे,” मी झिंगूबाईला बाजूला घेऊन म्हटलं. “आज-उद्यात. नाहीतर दोघंही जातील.”

तिने चुलीत एक फाटा पुढे सारला. “ती म्हनते, त्या पायरीवर पाय ठेवनार न्हाय. मी बी म्हननार न्हाय ठेव म्हनून. त्या सिस्टरला हितं आन. माझ्या म्होरं बसव. मग बघू.”

एक दवाखाना

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ते तेवढ्या एकाच गावाचं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. ती पायरी मी पाहिली. लाल फरशी, एक कोपरा उडालेला. लोक त्यावरून जात-येत होते, मीही गेले.

पेटी होती. ‘सूचना व तक्रार पेटी’, सुंदर रंगवलेली अक्षरं. माझ्या डोक्याच्याही वर टांगलेली, आणि तिच्या बरोबर खाली केसपेपर लिहिणाऱ्या माणसाची खुर्ची. म्हणजे त्याच्याविरुद्ध कुणाला लिहायचं असेल तर त्याला म्हणायचं, दादा, जरा सरका, तुमची तक्रार टाकायची आहे! किल्ली कुणाकडे, विचारलं. शिपाई म्हणाला डॉक्टरांकडे, डॉक्टर म्हणाले क्लार्ककडे. शेवटी मी स्टुलावर चढले, चष्मा पुसला आणि फटीतून आत पाहिलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. नुसतं केलं नव्हतं, त्यातून पिलं उडूनही गेली होती.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. मी आडव्या मुलाचं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं.

“मी तेव्हा इथे नव्हतो,” ते म्हणाले. “आणि तक्रार असेल तर लेखी द्या. तोंडी तक्रार आम्ही घेत नाही.”

“तोंडी शिव्या मात्र देता,” मी म्हटलं.

सुनंदाने माझा पदर ओढला. डॉक्टर लाल झाले. “मावशी, पेशंटला घेऊन या, आम्ही बघू. पण हे लोक येतच नाहीत. आम्ही काय करणार?”

येतच नाहीत! इतका संताप झाला की मला शब्दच सुचले नाहीत, आणि हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं. पायरी धुवून घ्यायची आणि मग म्हणायचं, येतच नाहीत. बाहेर आल्यावर चार वाक्यं सुचली, एकापेक्षा एक धारदार, पण आता ती कुणाला ऐकवणार? रसवंतीवर बसून सुनंदाला ऐकवली. उसाचा रस मात्र इथला काय सांगू, आले-लिंबू पिळून, बर्फ घालून. रागातही दोन ग्लास प्याले.

दुपारी मी एकटीच गेले, त्या सिस्टरच्या क्वार्टरवर.

ती अंगणात कुरडया घालत होती. खाटेवर धोतर पसरलेलं, हातात सोऱ्या, गव्हाचा चीक गरम असताना भराभर घालावा लागतो. मदतीला कुणी नव्हतं. मी न विचारता बसले आणि चिकाचा गोळा भरून दिला. आमच्याकडे कोकणात फणसाचे पापड, तांदळाच्या फेण्या. गव्हाच्या कुरडया मला नवीन, पण सोऱ्या तोच. चार ओळी झाल्यावर ती म्हणाली, “कोण तुम्ही?”

“आया. रिटायर.”

“मग तुम्हाला सांगायला नको, मावशी.” आणि तिने सगळं सांगितलं. एकटी सिस्टर, टाकी कोरडी, डॉक्टर आठवड्यातले तीन दिवस नाहीत, सलग दोन पाळ्या. खोटं एकही नव्हतं. मी मान हलवत होते. मग मी पायरीचं विचारलं.

तिचा हात थांबला. “मला आठवत नाही.”

“त्यांना आठवतं.”

“आठवत असेल. तुम्ही मला कशाला दोष द्यायला आलात? तुम्ही कधी कुणाला बाहेर बसवलं नाही?”

आता इथे मी खोटं लिहू शकते. तुम्हाला कळणार नाही. पण मी तिला खरं सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. आमच्याकडे कातकरी बाया यायच्या, डोंगरावरून. एकीला मी स्वतः म्हटलं होतं, आधी पाय धुवून ये, माझी फरशी ताजी पुसली आहे. ती पाय धुवायला गेली ती परत आलीच नाही. मी शोधायला गेले नाही. पुसलेली फरशी मला तेव्हा छान दिसत होती. जिच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं, त्या आईची मी मुलगी!

“तिचं काय झालं मला माहीत नाही,” मी म्हटलं. “नावही माहीत नाही. तिने मला कधी बोलावलं नाही. तुम्हाला बोलावलंय, सिस्टर.”

चीक थंड होऊन घट्ट झाला. ती सोऱ्या दाबत राहिली, काही येईना. मग तिने तो खाली ठेवला आणि हात धुतले.

पुन्हा वस्ती

तिसऱ्या दिवशी ती आली. पांढऱ्या साडीत नाही, साध्या पातळात, सुट्टी काढून. सुनंदाच्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आली आणि उतरल्यावर पदर सारखा करत उभी राहिली. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी.

झिंगूबाईने पोतं टाकलं नाही. “खाली बस,” म्हणाली. सिस्टर मातीत बसली. समोर झिंगूबाई, तिच्यामागे रेशमी, बाजूने बाया, पुरुष लांब बाभळीखाली. मी आणि सुनंदा कडेला. आम्हालाही तोंड घालायचं नव्हतं.

झिंगूबाई ओरडली नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल. ती बाजारातलं एखादं बोलणं सांगावं तशी सांगत गेली. कोणत्या वाटेने नेली, रेशमी कुठे कुठे बसली. “तू दारात व्हतीस. तुज्या हातात स्टीलचा पेला व्हता. च्या पीत व्हतीस. आमी म्हनलं पोर येतंय, तू म्हनलीस पयलं आंगूळ.”

“पण नळाला...” सिस्टर म्हणाली.

“गप,” बाया एकदम म्हणाल्या. ती गप्प झाली.

सगळं सांगून झालं. मुलगा एकदा रडला, तेही. मग झिंगूबाई म्हणाली, “आता तू सांग. काय ऐकलंस?”

सिस्टरने सुरुवात केली. मी आंघोळ करून या म्हणाले. मी आत घेतलं नाही. मी चोरटी जात म्हणाले. मूल पायरीवर झालं, मी त्याला हात लावला नाही. ती थांबली, डोळे पुसले, आणि उठायला लागली.

“येक ऱ्हायलं,” झिंगूबाई म्हणाली.

सिस्टरने रेशमीकडे पाहिलं. आणि तेव्हा मला कळलं की तिला पहिल्यापासून सगळं आठवत होतं.

“पायरी,” ती म्हणाली. “मी यांच्याकडून पायरी धुवून घेतली. हिच्या लुगड्याने.”

माफी तिने मागितली, पण ती कुणी फारशी ऐकलीच नाही. तिच्या माफीसाठी कुणी जमलं नव्हतं. झिंगूबाईने मान हलवली, एवढंच. मग रेशमीकडे वळून त्यांच्या भाषेत काही बोलली. रेशमीने स्वतःच पदर बाजूला केला. सिस्टरने पोट तपासलं, कान लावला, आणि क्षणात ती पुन्हा सिस्टर झाली.

“आडवंच आहे. सिझर लागेल. आमच्याकडे सोय नाही, बारामतीला न्यायला पाहिजे. आत्ता. जीप मी मागवते.”

“तू येनार?” झिंगूबाईने विचारलं.

“येणार.”

बारामती

बारामतीला गेलात तर तुमचे डोळे निवतील. कालव्याला पाणी, उसाचे हिरवे पट्टे, द्राक्षांचे मांडव. गावात रुंद रस्ते, रस्त्याच्या मधोमध झाडं आणि त्या झाडांना नळीने पाणी. जीपमध्ये रेशमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. एक माणूस गुलमोहराच्या आळ्यात पाणी सोडत होता आणि झिंगूबाई मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत राहिली. त्या झाडांचासुद्धा मला राग आला, बिचाऱ्यांचा काय दोष.

दवाखाना मोठा, स्वच्छ. आमची सिस्टर पुढे होऊन डॉक्टरांशी बोलली, म्हणून दारात कुणी अडवलं नाही. तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी. मोठ्याने रडली आणि थांबली नाही. मामलेदार भिंतीला टेकून खालीच बसला. सिस्टर तिची ड्यूटी होती म्हणून परत गेली. मी आणि सुनंदा थांबलो.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुखाचा शेवट. मलाही एक दिवस तसं वाटलं. मग मी बघायला लागले. रेशमीला खाट दिली ती संडासाच्या दाराला लागून, मधे तीन खाटा मोकळ्या असताना. बाकी बायांच्या आई-सासू खाटेशी बसून होत्या. झिंगूबाईला “भेटायच्या वेळेला या” म्हणून गेटाबाहेर, उन्हात. वॉर्डातली आया सगळ्यांना पाण्याचा तांब्या भरून द्यायची, रेशमीचा तांब्या तसाच. बाळाचे कपडे सगळ्यांच्या हातात देत होती, रेशमीच्या अंगावर टाकत होती, लांबून. मारझोड नाही, शिवी नाही. लिहायला बसाल तर अठरा रकान्यांत एकातही बसणार नाही असलं सगळं. ती आया माझ्यासारखीच दिसत होती. तीच चाल, तोच खोचलेला पदर.

मी उठले, दोन वेळा. दोन्ही वेळा सुनंदाने हात धरला. “मावशी, तू बोलशील आणि घरी जाशील. तिला ठरवू दे.”

“ती बोलत नाही गं.”

“तरी.”

पाणी मी भरून दिलं. तोंड मात्र मिटून ठेवलं. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत अवघड काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड आला. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच, हसतमुख, भला माणूस. मागे दोन सिस्टर आणि ती आया. टाके पाहिले, बाळाच्या गालाला बोट लावलं. “मुलगी छान, आई छान. काय बाई, आता खूश ना?” आणि पुढच्या खाटेकडे वळले.

“डॉक्टर,” रेशमी म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाड होता, सासूपेक्षा जाड.

“डॉक्टर, बस.”

वॉर्डातल्या बाया वळून बघायला लागल्या. डॉक्टर हसले. “बाई, अजून अख्खा वॉर्ड बघायचाय मला.”

“मग हुबा ऱ्हा. पर जाऊ नगंस. माजं झाल्यावर तू काय ऐकलंस ते सांगायचं, मग जा.”

आया पुढे आली. “ए, कुणाशी बोलतीस...”

“तू बी हितंच थांब,” रेशमी म्हणाली. “तुज्यावर बी बोलायचंय. पाठीमागं बोलनार न्हाय मी.”

डॉक्टरांनी हातातली फाइल बंद केली. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

“तुज्या हातानं मी वाचले, माजी पोरगी वाचली,” रेशमी म्हणाली. “त्ये पयलं. त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाय. आता दुसरं ऐक. माजी सासू तीन दिस उनात बसलीया.”

डॉक्टर बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. रेशमीने पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि पुढचं सांगायला लागली.